काकवीसारखं रक्त

डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली. थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन पट्टी तिरकी धरली. थेंब सावकाश सरकला. "काम काय करतोस?" त्यांनी विचारलं. म्हटलं, कोकणातून येऊन इथं गुऱ्हाळावर रस आटवायची काहील ढवळतो.

"मग तुला सांगणं सोपं आहे. रक्त उसाच्या रसासारखं पळायला हवं. तुझं काकवीसारखं दाट झालंय. ते ढकलताना काळीज दमतं. बारीक शिरांत ते अडकतं. उद्या मेंदूतही अडकेल."

या रोगाला इंग्रजीत पॉलिसायथेमिया म्हणतात. म्हणजे रक्तातले तांबडे कण फार वाढतात. मी मराठी तिसरीतून शाळा सोडलेला, म्हणून नाव कागदावर लिहून घेतलं. पण भीती बसली ती काकवी या शब्दाची. पाक एकदा पुढे गेला की त्याचा परत रस होत नाही, हे मला डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक.

वर्षभर डोकं जड होतं. ऊन पाण्यानं अंघोळ केली की अंगभर खाज, बोटांची आग. तोंड मात्र लालबुंद. आमचे गुळवे दादूमामा, ज्यांच्या हाताखाली मी गूळ शिकलो, सगळ्यांदेखत ओरडायचे, "पावणं, कोल्हापूरचं पाणी मानवलं की तुम्हास्नी! आलासा तवा वाळल्या चिपाडागत हुतासा." मीही खुशीत आईला तसंच कळवलं. तुमच्या तोंडावर अशी लाली चढली आणि खाज सुटली, तर कौतुकात राहू नका.

"बरा होईन ना?" मी विचारलं.

"नाही. दर महिन्याला शीर उघडून रक्त काढू, तेवढे दिवस हलके जातील. शीर उघडणारा जवळ हवा. कोकणात जाऊ नकोस."

हंगाम संपून गुऱ्हाळ उठलं की मी घाट उतरून घरी जात असे. यंदा गेलो नाही. आता जाणं नाहीच. आईला अजून खरं कळवलेलं नाही. ती माझी लाली शेजारणींना सांगत असेल.

दर खेपेला दादूमामा बैलगाडी जुंपून मला दवाखान्यात नेतात. पहिल्यांदा भांड्यात काळपट रक्त पडताना त्यांनी पाहिलं, तेव्हा परतीच्या वाटेवर त्यांनी खड्डे चुकवत बैल हळू हाकले. त्यांचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत.

आता रक्त काढून बाहेर आलो की मीच विचारतो, "मामा, कसा दिसतो?"

ते माझं तोंड निरखतात. "चिपाडागत."

त्या एका शब्दावर काही दिवस निघतात. मग पुन्हा लाली चढते.