चिंचेनं घासलेलं कासव
शेजारची सून दारात बसून नखं रंगवायला लागली, की त्या वासानं मला नातीचं कासव आठवतं. नात इंजिनिअरिंगला होती. पंचगंगेतली जलपर्णी काढायला तिला एक होडी करायची होती आणि तिची वल्ही कासवाच्या पायांसारखी चालवायची होती. म्हणून तिनं पाळलेल्या कासवाच्या पायांवर पांढऱ्या नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. ते काचेच्या टाकीत पोहायला लागलं, की ती मोबाईलवर शूटिंग करायची. "देवाच्या जनावराला कसली गं रंगरंगोटी?" मी म्हणाले. "आजी, ठिपक्यावरनंच पाय कसा वळतोय ते कळतंय की!" एकादशीला ती कॉलेजात गेल्यावर मी पितळेचे देव चिंच लावून काथ्यानं घासले, आणि त्याच काथ्यानं कासवही खसाखसा घासलं. ठिपके गेले, कातडीही सोलली. संध्याकाळी ते पाय बघून ती रडायलाच लागली, "माझ्या रंगानंच सोललं गं, आजी." मी भ्याले आणि गप्प बसले. चौथ्या दिवशी कासव मेलं. होडीचे कागद तिनं रद्दीत टाकले. आता तिची मुलगी घरात मासे पाळूया म्हणून हट्ट करते, तर ही मला फोनवर सांगते, "माझ्या हातात जनावर जगत न्हाय." मी विचारते, "जेवलीस का?"