भिंतीवरचे दोन पत्रे

सोल्डरिंगचा वास आला की आजही माझा हात आधी भिंतीवर जातो.

बहात्तरच्या दुष्काळात सेलूला आमच्या घराखालची काळी माती भेगाळली आणि भिंतीला तडा गेला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं तड्याच्या दोन्ही कडांना समोरासमोर पत्रे ठोकले, त्यांच्या तारा सोल्डर करून रेडिओला जोडल्या, तशी रेडिओतून एकसारखी शिट्टी वाजायला लागली.

“ताई, पत्रे केसभर सरकले तरी ही शिट्टी बदलती. बदलली की हाक मार,” म्हणाला आणि बाहेरून टेकू लावायला गेला.

भाकरी थापता थापता शिट्टी बारीक झाली, कानाला टोचायला लागली. स्टेशन लावायच्या रोजच्या सवयीनं मी रेडिओचं बटण फिरवून ती पहिल्यासारखी केली.

“बदलली का गं?”

“न्हाई रे, हाय तशीच हाय.”

भिंत त्याच्यावर कोसळायच्या आधीचं आमचं हे शेवटचं बोलणं. शिट्टी तेव्हा खरंच तशीच वाजत होती.