ओदिलियाबाईंची गळलेली ओळ

ओदिलिया सालदिवार यांनी आयुष्यभर एकच उपासना केली, जुन्या कागदाची. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, नदीकाठच्या आमच्या कॉलेजात, मेक्सिकन-अमेरिकन अभ्यास विभागात एकवीस वर्षे त्या मुलांना जुनी हस्तलिखिते संपादित करायला शिकवत होत्या. पणज्यांची पत्रे, मजुरांच्या मंडळांच्या वह्या. नेम असा की उतरवलेले पान एकट्याने तपासायचे नाही. एकाने मूळ पान मोठ्याने वाचायचे. स्वल्पविराम, पूर्णविराम, खाडाखोडसुद्धा उच्चारायची. दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवून ऐकायचे. मग तळाशी दोघांची आद्याक्षरे. तो घोष सुरू झाला की वऱ्हांड्यातून जाणारा थबके, इतके ते नामस्मरण गोड!

अशा बाईंच्या अंतःकरणात मत्सर शिरला, आणि तो नेरेदाच्या पावलांनी शिरला.

नेरेदा कावासोस त्यांचीच विद्यार्थिनी. मोठी पदवी घेऊन त्याच विभागात शिकवायला परतली, आणि दोन वर्षांत मुले तिच्या वर्गात दाटीवाटीने बसू लागली. पूर्वी बाईंच्या टेबलावर येणारा गोड पाव आता तिच्या टेबलावर येई. त्यातच, बाईंनी वर्षांपूर्वी उतरवायला घेतलेल्या आणि आता नेरेदाने तडीस नेलेल्या १९१८च्या मजूर मंडळाच्या वहीचे पुस्तक निघायचे होते. संपादक म्हणून पहिले नाव कोणाचे, हे शुक्रवारच्या बैठकीत ठरणार होते.

"पोरीला जुनं अक्षर लावायला मी शिकवलं," बाई कचेरीतल्या चेलोला म्हणाल्या.

"मग अभिमान वाटू द्या की!"

"वाटतोय गं. घशात अडकलाय."

बुधवारी त्यांनी नेरेदाची अंतिम प्रत मागून घेतली आणि मूळ वहीशेजारी ठेवून चूक शोधायला बसल्या. एकशे चौदाव्या पानावर ती सापडली! फ्लूच्या साथीत आजाऱ्यांच्या मदतीला कोण गेले, त्यांची यादी होती. वहीत दोन ओळी 'पेत्रा' या नावानेच सुरू होत होत्या. उतरवणाऱ्याची नजर एकीवरून दुसरीवर घसरली, आणि त्यातली एक सबंध ओळ गळली: पेत्रा लोंगोरिया, धोबीण, तीन घरी चार दिवस पाणी भरले.

बाईंचे हृदय आनंदाने उचंबळले. पुरावा पक्का करावा म्हणून त्यांनी कपाटातून या पानाची पहिली प्रत काढली, तळाशी कोणाची आद्याक्षरे आहेत ते पाहायला.

ओ. सा. आणि शेजारची जागा रिकामी.

बारा वर्षांपूर्वीचा तो शनिवार त्यांना आठवला. तपासणीचा जोडीदार आला नव्हता. 'मला कशाला हवा दुसरा?' असे म्हणून त्यांनीच ते पान एकटीने संपवले होते. तो कागद फाडला असता तर कोणाला कळले असते? दोन दिवस तो त्यांच्या पर्समध्ये होता.

शुक्रवारी त्यांनी तो टेबलावर ठेवला. "हे पान एकटीनं तपासलं. मी."

विभागप्रमुख हसले. "बाई, एक ओळच ना?"

"ती ओळ नाही, बाई आहे. मालकांनी तिला कुठंच लिहिलं नाही. आपल्या लोकांनी लिहिलं, आणि पुसलं मी."

नेरेदाची मान खाली गेली. "चूक माझीपण आहे. सगळी पानं पुन्हा तपासली, तुमची सोडून. म्हटलं, बाईंच्या पानात काय चूक निघणार?"

जिचा हेवा करावा तिने असे प्रेम करावे, याहून जिव्हारी लागणारे काय असते? बाईंचे डोळे भरले, तरी जीभ मऊ झाली नाही.

"पहिलं नाव हिचंच लावा. पण मला आनंद झाला, असं कुणी लिहू नका."

बैठक संपल्यावर नेरेदाने खुर्ची ओढली, प्रतीवर बोट ठेवले. "वाचा, बाई."

"पेत्रा लोंगोरिया, स्वल्पविराम, धोबीण, स्वल्पविराम..." बाईंचा स्वर चढला. पान पुरे झाले. नेरेदाने नव्या प्रतीच्या तळाशी आद्याक्षरे घालायला पेन उघडले, तसे बाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतले.

"थांब. इथं तरी पहिलं नाव माझं."