आवाज बंद केलेला टीव्ही

मिरजेच्या दवाखान्यातून दत्ताच्या धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. "दादा गेला," एवढंच तो म्हणाला... महिना होऊन गेला, तरी आमच्या दोनशिक्षकी शाळेतली दुसरी खुर्ची मला हलवावीशी वाटत नाही.

दत्ता मूळचा वाईचा आणि महाहट्टी. आटपाडीकडच्या आमच्या वाडीने वर्गणी काढून शाळेला टीव्ही दिला, तर या गृहस्थाने पहिल्याच दिवशी रिमोट घेऊन त्याचा आवाज बंद केला! पोरांनी आधी नुसतं बघायचं, मग पडद्यावरची माणसं काय बोलत असतील ते पाटीवर लिहायचं आणि उभं राहून वाचायचं. "गुरुजी, टीव्ही बिगाडला व्हय?" लोक विचारायचे. मीही चिडवायचो, "मुका टीव्ही घ्यायला वर्गणी काढली का रे?" वाडीची बोली त्याला केव्हाच चिकटली होती. म्हणायचा, "गड्या, टीव्हीच बोलला तर पोरं कवा बोलणार?"

त्याला खरी काळजी होती सगुणाची. घरच्यांबरोबर मेंढरांमागे निम्मं वर्ष फिरून ती परतायची, तेव्हा शिकलेली अक्षरं विसरलेली असायची. तिसरीत येऊनही तिला दोन शब्द लावता येत नव्हते. तिचा बाप एकदा म्हणाला, "आवं गुरुजी, न्हाई जमत तर सोडा. मेंढरं राखंल." दत्ता ताडकन उठला, कळपामागे गेला आणि मोबाईलवर मेंढरांचं चित्रण करून आला. वर्गात ते लावलं, अर्थातच मुकं. सगुणा पहिल्यांदाच आपणहून पाटी घेऊन बसली. अख्ख्या तासात एकच ओळ झाली, "आमची मेंढरं पाण्याला निघाली." ती ओळ ऐकवून ऐकवून दत्ताने मला दिवसभर छळलं. पुढे ती रानात गेली, की तो बापाच्या मोबाईलवर तसल्याच मुक्या फिती धाडायचा आणि ती तिकडून ओळी लिहून पाठवायची.

गेल्या आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. मी दत्ताची वर्गात शिकवतानाची एक जुनी फीत टीव्हीवर लावली. त्याचा आवाज आला आणि मला रडू आवरेना. तेवढ्यात सगुणा उठली, तिने रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. "आगं, ऐकू दे की!" तिचा बाप खेकसला. पण एव्हाना सगळ्या पोरांनी पाट्या काढल्या होत्या. पडद्यावर दत्ताचे ओठ हलत होते आणि वर्गात फक्त पेन्सिलींचा आवाज होता... मग सगुणा उभी राहिली आणि जराही न अडखळता वाचू लागली, "मी आता गप बसतो. तुमी बोला."