नकाशाची भाकरी

भाऊजी जेवायला बसले की पहिली भाकरी खायची नसे. ती आफ्रिका असे. शेजारी पिठल्याचा अरबस्तान, ताटाच्या वरच्या कडेला हिमयुगाचा, मिठाचा बर्फ. पिठल्यातून बोटाने वाट काढत ते मला सांगत, "माणूस काही प्रवासाला निघाला नव्हता, वच्छे. हवा बदलली, गवत सरकलं, गवतामागे जनावरं गेली, जनावरांमागे हा. आपण खंड ओलांडतोय हे एकालाही ठाऊक नव्हतं." तोवर भाकरी गार होई. म्हणून माझी थोरली बहीण, अक्का, रोज एक भाकरी जास्त टाकी. नकाशाची.

भाऊजी पाथर्डीकडच्या एका खेड्यात भूगोल शिकवत. माणसं आधी आफ्रिकेतून निघाली की आशियातून, यावर पंडितांचं एकमत नाही, असंही तेच सांगत आणि दुसऱ्या दिवशी वाट उलटी काढत. माझा गोंधळ उडे. मी नगरला मुलींना शिवण शिकवत होते. कापड उलटं बेतलं तर वाया जातं, एवढं मला कळतं.

महायुद्धाच्या काळात एका वर्षी तिकडे पाऊस झालाच नाही. विहिरीचा तळ दिसू लागला, तेव्हा मी दोघांना न्यायला गेले. शेजारचे तुकाराम बैलगाडीत संसार रचत होते. कालव्याच्या बाजूला उसाचं काम मिळत होतं. "चला मास्तर," ते म्हणाले, "हितं पानी न्हाई, पोरं न्हाईत. फळ्याला शिकवनार का?" भाऊजी हसले, पण हलले नाहीत. गवत सरकलंय, मी म्हटलं. शाळेला कुलूप लागेल, म्हणाले. संध्याकाळी म्हणाले, विहिरीला पाणी येईल. अक्काने एकदाच विचारलं, येता की नाही? भाऊजी विहिरीत डोकावायला गेले, तेव्हा तिने ट्रंक उचलली.

वर्षभर ती माझ्याकडे राहिली. रेशनचे दिवस, तरी ही एक भाकरी जास्त करी. मी रागवे. "हाताला सवय झालीय," ती म्हणे. भाऊजींच्या पत्रांत बर्फाबद्दल पुष्कळ असे, येण्याबद्दल काही नसे. अक्काही परत जायचं नाव काढीना.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. तुकाराम परतले, विहीर भरली, वर्ग भरला. आणि ऐन तेव्हा भाऊजी नोकरी सोडून आमच्या दारात उभे.

"दुष्काळात राहिलात आणि आता आलात?" मी विचारलं.

"कोरड्यात माणूस निघतो, असं मीच शिकवत होतो," ते म्हणाले. "चुकत होतं. कोरड्यात वाळवंट ओलांडता येत नाही. हवा ओली झाली, मधली तळी भरली, तेव्हाच कुणीतरी पलीकडे गेलं असणार."

पेट्रोल नसलं तरी पाथर्डीहून नगरला कोळशाच्या गॅसवर चालणारी प्रवासी मोटार दुष्काळातही सुटत होती, हे मी त्यांना सांगितलं.

भाऊजींना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते तळ्यांच्या हिशेबाने आले की अक्कासाठी, मला अजून उलगडलेलं नाही. अक्काला विचारलं तर म्हणते, मला तरी कुठे माहीत. त्या दिवशी तिने त्यांचं ताट वाढलं. पिठलं, मीठ, जास्तीची भाकरी, सगळं जागच्या जागी. भाऊजींनी नकाशा केला नाही. पहिलीच भाकरी मोडली आणि गरम होती तोवर खाऊन टाकली.