जगातले सगळे लांजेवार

दुसऱ्यांच्या घरी लोणचं मुरतं, आमच्या घरी किस्से! लग्न असो की तेरावं, चार लांजेवार एका सतरंजीवर बसले की कुणीतरी म्हणतंच, "मोठेबाबांचं ते सांग ना." मग ज्याचं तेरावं असतं तो बाजूलाच राहतो.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बालाघाटला सिंचन विभागात बडे बाबू होते. त्यांचा सिद्धांत साधा होता. लांजी आपल्याच जिल्ह्यात. लांजेवार म्हणजे लांजीचा. म्हणून जगातले सगळे लांजेवार एकाच चुलीचे. "कुठंबी जा, लांजेवार दिसला का आपलाच समजा!"

*

पेपरात कुणा लांजेवाराचं नाव आलं की मोठेबाबा ते कापून ठेवत. जबलपूरला एक लांजेवार जज झाले, तेव्हा तर त्यांचा फोटो फ्रेम करून बैठकीत देवांच्या रांगेत लागला. ना ओळख, ना पाळख. मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, संध्याकाळी उदबत्ती ओवाळायची आणि जजसाहेबांपाशी आली की हात झटकन पुढे न्यायची. म्हणायची, "जित्या माणसाले नाई ओवाळत मी!"

मोठेबाबांची एकच इच्छा होती. जजसाहेबांनी एकदा घरी यावं, आणि चार लोकांसमोर म्हणावं, "अरे, तुम्ही तर आपलेच!"

*

एकदा त्याच पेपरात दुसरा एक लांजेवार आला. मोटारसायकल चोरताना रंगेहाथ पकडलेला. मी मुद्दाम मोठ्यानं वाचून विचारलं, "मोठेबाबा, हाही आपलाच का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नाई. आपला असता तर सापडला नसता!"

*

गोंदियाला दात दाखवायला गेलो होतो. इमारतीवर ठळक अक्षरांत 'लांजेवार भवन'. मोठेबाबा नंबरबिंबर न लावता थेट डॉक्टरच्या केबिनमध्ये. बाहेर लोक बोंबलताहेत, आणि हे आत डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "कसं चाललं बेटा? घरचे बरे?"

डॉक्टर गोंधळला. "अंकल, मैं तो किराएदार हूँ. लांजेवारजी मकान मालिक हैं."

"मंग तर अजून चांगलं!" मोठेबाबा खुर्चीत मागे रेलले. "पाह्य निवांत. घर आपलंच हाय."

*

आता रामपायलीचा बाक. हाच बाक पुढे महागात पडला.

त्या गावच्या राममंदिराजवळ सिमेंटचा एक बाक होता. पाठीवर लिहिलेलं : 'लांजेवार परिवार, वारासिवनी'. त्यावर एक जोडपं डबा उघडून बसलं होतं. मोठेबाबा समोर जाऊन उभे राहिले. "जरा सरका जी. आमचा बाक हाय."

तो माणूस म्हणाला, "आमचा? हा तर माझ्या बापानं लावला!"

दुसरा कुणी असता तर तोंड लपवून पळाला असता. मोठेबाबांनी त्याला मिठी मारली! वारासिवनीचे राइसमिलवाले लांजेवार ते. त्यांच्याच डब्यातल्या पुऱ्या खात मोठेबाबांनी त्यांना चुलतभाऊ ठरवून टाकलं. पुढच्या रविवारी ते सगळे आमच्या घरी जेवायला. सोबत त्यांचा मुलगा सागर, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत इंजिनियर. मोठेबाबांनी त्याला साऱ्या मोहल्ल्यात फिरवलं. "माह्या पुतण्या! इंजिनियर!"

सागर यायला लागला. कधी कधी मोठेबाबा घरी नसतानाही यायचा.

*

राखी आली. मोठेबाबांनी फर्मान काढलं की पल्लवी सागरला राखी बांधेल. पल्लवी त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेत शिकवते. तिला सख्खा भाऊ नाही, म्हणून मोठेबाबांचा आनंद काही मावेना.

सागर पाटावर बसला. डोक्यावर रुमाल, आणि चेहरा असा की अॅडमिट करावं. ताट तयार, दिवा तयार, आणि पल्लवी बाथरूममध्ये. हाका मारल्या, दार वाजवलं. आतून एकच उत्तर, "पोट दुखून राह्यलं!" दिवा विझला, पेढ्यांना मुंग्या लागल्या, तरी पोटदुखी काही थांबेना.

शेवटी मोठी आई पुढे झाली. सागरच्या डोक्यावरचा रुमाल उचलला आणि म्हणाली, "जा बेटा, घरी जा तू."

तिला सगळं कळलं होतं. मोहल्ल्यालाही कळलं होतं. राहिले होते फक्त मोठेबाबा.

*

पल्लवीनं शेवटी सांगितलं तेव्हा मोठेबाबा ओरडले, "अवं, भाऊ हाय तो तुह्या!"

"तुमीच बनवला ना भाऊ," मोठी आई म्हणाली. "पोरीनं नाई बनवला."

आमच्यात एका कुळात लग्न होत नाही. दोन्ही घरची बैठक बसली. आडनाव एक असलं तरी देवक वेगळं निघालं, म्हणजे कूळ वेगळं. मिलवाल्यांनी तर हात जोडून सांगितलं की आमचं-तुमचं नातं काहीच नाही. पण सुखदेवदाजी बसले होते ना! समाजातलं सगळ्यात म्हातारं माणूस. अजून एकही सोयरीक त्यांच्या हरकतीशिवाय झालेली नाही.

"देवक राहू द्या," दाजी म्हणाले. "हाच माणूस साऱ्या बालाघाटात सांगत फिरला का हे माहे भाऊ हायेत. मंग कोनतं खरं?"

सगळे मोठेबाबांकडे पाहू लागले. पल्लवी दाराशी उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले. मोठेबाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीवर जजसाहेबांकडे पाहिलं.

"मी फेकत होतो दाजी," ते म्हणाले. "एकाबी लांजेवाराशी आपला संबंध नाई."

"आन् हे जज?"

मोठेबाबांनी फोटोकडे पाठ केली. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली, खरं सांगतो.

"जजबी नाई."

दाजींनी सुपारी तोंडात टाकली. "लग्नात येतोच मी. पाह्यतो."

त्या संध्याकाळी मोठ्या आईनं फोटो उतरवून तांदळाच्या कोठीमागे ठेवला.

*

लग्न वारासिवनीला झालं. दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर लांजेवार, त्यामुळे निम्मे पाहुणे चुकीच्या मांडवात जेवले! मोठेबाबा नवा कोट घालून दाराशी उभे. शेजारीच खुर्ची टाकून सुखदेवदाजी.

मंगलाष्टकांना थोडा वेळ होता. तेवढ्यात एक पांढरी गाडी आली. मिलवाले धावत गेले. ते जजसाहेबांचे सख्खे चुलतभाऊ निघाले! इतके दिवस बोलले नव्हते, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

जजसाहेब उतरले. फोटोतल्यापेक्षा बुटके होते. थेट मोठेबाबांपाशी आले, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्हीही लांजेवार? मूळचे लांजीचेच ना? अरे, मग तुम्ही तर आपलेच!"

दाजींचं सुपारी चघळणं थांबलं.

मोठेबाबांनी मांडवाकडे पाहिलं. पल्लवी मुंडावळ्या बांधून बसली होती.

"नाई साहेब," मोठेबाबा म्हणाले, आणि हळूच आपले हात सोडवून घेतले. "आपला काही संबंध नाई."