तक्रार न सांगण्याची रीत

समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे मी पहिल्यांदा गेलो तो तोंड उघडायचं नाही असं ठरवूनच. त्यात उद्धटपणा नव्हता. आम्ही मेंढरांमागं हिंडणारी माणसं, आणि आमच्यात देवऋष्याकडे जायची रीतच तशी आहे. समोर जाऊन बसायचं, तक्रार सांगायची नाही. त्यानं ज्वारीचे दाणे हातात घेऊन आपलं दुखणं ओळखायचं. 'काय होतंय?' असं त्यानंच विचारलं, तर गडी बनेल समजायचा आणि चपला घालायच्या.

माझं दुखणं असं होतं. मी वाळूजच्या कामगारांची शिफ्टची बस चालवायचो. दुष्काळाचे दिवस होते. नगर नाक्याच्या पुढं एका बाजूला टँकरच्या रांगा आणि दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींच्या पाट्या, त्यांवर स्विमिंग पूलची चित्रं. त्या रस्त्यावर एका सकाळी माझ्या छातीत एकदम गच्च झालं, हातांना मुंग्या आल्या. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. मागं बसभर माणसं. पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच झालं, तेव्हा मालकानं चावी काढून घेतली.

"पहले डाक्टर का कागद ला," तो म्हणाला, "मग गाडी."

हृदयाच्या तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयात काही नाही, वरच्या मजल्यावर मॅडम बसतात, त्यांच्याकडे काही दिवस जा, मग कागदाचं बघू. हृदयात नाही म्हणजे डोक्यात आहे, एवढं मलाही कळतं. आणि डोकं बिघडलेल्या ड्रायव्हरला बस कोण देतो? गाडी गेली तर मला दुसरं काहीच येत नव्हतं. मला वाटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय, ही बाई मालकाच्याच कानाला लागलेली असणार.

"अवं, जाऊन तर बघा," बायको म्हणाली. "खाणार हाय का ती तुमाला?"

खोलीत ना पलंग, ना सुई, ना औषधाचा वास. दोन खुर्च्या, दोन्ही सारख्याच. मला तेच खटकलं, कारण डॉक्टरची खुर्ची नेहमी मोठी असते. मधल्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता, म्हणजे इथं माणसाला रडवतात. बाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. त्यांच्या हातात साधं पेनही नव्हतं, म्हणून बोलणं टेप करायला त्यांनी मोबाइल कुठं लपवलाय ते मी नजरेनं शोधू लागलो.

त्यांनी आधी नियम सांगितले. इथलं बोलणं इथंच राहील. मालकाला नाही, घरी नाही, खालच्या डॉक्टरांनाही तुमच्या परवानगीशिवाय नाही. कुणाच्या जिवाला धोका वाटला तरच सांगावं लागेल, तेही शक्यतो तुम्हाला विचारून. गोळ्या मी देत नाही. आठवड्यातून एकदा, पाऊण तास, नुसतं बोलायचं. मागितल्याशिवाय एवढा शब्द देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

मग त्यांनी विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

झालं. पण चपला घातल्या असत्या तर कागद गेला असता. म्हणून मी भिंतीकडे बघत बसलो. त्याही बसल्या. त्यांना कसलीच घाई दिसेना, तेव्हा मीच वैतागलो.

"मॅडम, तुमीच सांगा ना मला काय झालंय ते."

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

खुर्चीवर बसलेल्या कुठल्याच माणसाच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं. एक तर ही बाई खरी होती, नाही तर सगळ्यांत पोहोचलेली.

अशा वेळी आमच्यात खडा टाकून बघतात. न हरवलेल्या मेंढीचं विचारायचं. देवऋषी 'ओढ्यापल्याड घावंल' म्हणाला, की त्याचं पितळ उघडं. मीही ठरवलं, दुखण्याशी काडीचा संबंध नाही अशी गोष्ट सांगायची. बाई म्हणणार, हेच तुमच्या दुखण्याचं मूळ. मग मी मोकळा.

"काय नाय मॅडम," मी म्हणालो, "वडलांची जरा काळजी वाटती. गंगापूरकडं मेंढरं घेऊन गेलेत. चारा नाय, पाणी नाय. फोन बी लागत नाय."

वडील वारून वर्ष होत आलं होतं. चारा संपला तेव्हा कळप विकून मी त्यांना शहरात, माझ्या दोन खोल्यांत आणलं होतं. ते दिवसभर दारात बसून गाड्या बघायचे. मी पहिल्या पाळीला गेलेलो असताना गेले. पुढचं सगळं मीच निभावलं. मयताच्या पाण्यासाठी टँकरसुद्धा मीच सांगितला, आणि सुतक फिटताच गाडीवर हजर झालो. मालकानं तेव्हा चारचौघांत माझं कौतुक केलं होतं.

बाई खड्याला भुलल्या नाहीत. मूळबिळ काही म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, "रात्री झोपतात कुठं ते?"

मी सांगितलं, खतासाठी ज्याच्या रानात मेंढरं बसवतात, त्याच्याच बांधावर, घोंगडी अंथरून.

"तुम्ही गेलात की काय म्हणतात?"

"काय म्हणणार? जेवून जा म्हणतात."

हे मात्र खोटं नव्हतं. ते तसंच म्हणायचे.

"मग कधी जाणार भेटायला?"

"रविवारी," मी बोलून गेलो. आणि जिना उतरताना मला खरोखर बरं वाटत होतं, की रविवारी जायचंय. रस्त्यावर आल्यावर भानावर आलो, आणि स्वतःचाच असा राग आला की रिक्षावाल्याशी उगाच भांडलो.

पुढच्या आठवड्यात कागदासाठी पुन्हा गेलो. एवढी माणसं येतात, बाई विसरल्या असतील असं वाटलं होतं. मी टेकतो न टेकतो तोच त्यांनी विचारलं, "गेलात का रविवारी? कसे आहेत वडील?"

वारलेल्या माणसाची खुशाली कोण विचारतं? 'बरे हायेत' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि छातीत गच्च झालं, त्या रस्त्यावर व्हायचं तसंच. हातांना मुंग्या आल्या. मी खुर्चीचा दांडा धरला.

"नायत," मी म्हणालो. "माझे वडील नायत, मॅडम."

वर्षभरात हे मला कुणालाच सांगावं लागलं नव्हतं. सगळ्यांना ते आधीच माहीत होतं.